मेलेलं पाखरू आणि तीन पातळ स्वेटर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आणि तुझ्या यजमानांचा खोकला बरा असेल असं धरून चालते. (नसेल तर कळवू नकोस, सल्ला दिल्याशिवाय मला राहवणार नाही.)

मागच्या पत्रात मी तुला कंजूष म्हटलं. एक जाड कोट पाठवायचा सोडून तीन पातळ स्वेटर पाठवलेस, वर ‘थंडीभर आमच्याकडेच ये’ असं लिहिलंस, म्हणून डोकं फिरलं. मला कुणाच्या उबेची गरज नाही, असं ठणकावलं. आठच दिवसांनी सकाळी गॅलरीत एक मूठभर पाखरू सापडलं. डोळे मिटलेले, अंग गारठलेलं. तेहतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली मी. घड्याळ लावून नाडी बघितली (पाखराची नाडी कुठे असते, हे आम्हाला शिकवलं नव्हतं) आणि ‘गेलं’ असं जाहीर केलं. बुटांच्या खोक्यात माझा चांगला रुमाल अंथरून त्याला निजवलं, खोकं स्वयंपाकघरात ठेवलं आणि शाळेत नन्सनी घोकून घेतलेली प्रार्थना सुरू केली. शेवटच्या ओळीला प्रेत थरथरलं, फुगून चेंडू झालं आणि रुमालावर घाण करून पडद्यावर जाऊन बसलं.

माझी किंकाळी ऐकून वरच्या मजल्यावरचे प्राणिशास्त्राचे मास्तर धावत आले. त्यांचं म्हणणं, एवढ्याशा जिवाची ऊब भराभर निघून जाते. म्हणून काही पाखरं रात्री अंग गार करून पोटातली शिदोरी पुरवून वापरतात, सकाळी थरथरून पुन्हा तापतात. पिसं फुलवतात ती मध्ये हवा धरायला. ऊब जाडपणात नसते, मधल्या हवेत असते. (इथे मी तुझे स्वेटर कोंबलेल्या कपाटाकडे बघितलं.) आणि फारच गारठा पडला की फांदीवर एकमेकांना चिकटून बसतात.

“मानापमान नसतात वाटतं त्यांच्यात?” मी विचारलं.

“परवडत नाहीत हो, मॅट्रनबाई.”

मास्तरांना चहा न देताच वाटेला लावलं. पाखराला दाणे घातले. भरपेट खाऊन, आभार न मानता उडालं. मग तुझे तिन्ही स्वेटर एकावर एक चढवले. धाकटे, महिनाभरात पहिल्यांदा बोटं पेन धरण्याइतकी गरम झाली. कंजूष हा शब्द मागे घेते. तुझे फार उपकार आहेत. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा जपून ठेव.

तुझी,
(सध्या फुगून चेंडू झालेली) ताई

ता. क. मास्तरांना चहा पाजला. दोनदा.

ता. क. २. तुझ्या फांदीवर अजून जागा आहे का? मला खिडकीजवळची खाट हवी. नाही म्हणायचं असेल तर ताबडतोब कळव. हो म्हणायचं असेल तर तसदी घेऊ नकोस, मी रविवारी निघते आहे.