बाजाराला गेलेली आरोपी

वर्धा, १९ जानेवारी १९७९
अल्लीपूरच्या शेवंताचे वकीलपत्र घेतले. तुरीच्या वावरात, धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे शेजारच्या शेतमालकाने तिला खाली पाडले. तिने हातातला विळा चालवला. तो मेला. इतके स्वच्छ प्रकरण क्वचितच येते. अब्रूवरचा असा हल्ला परतवताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी तो गुन्हा नव्हे. कलम शंभर एखाद्या शाळकरी मुलालाही समजावे.

२३ जाने.
गावाला समजले नाही. तिचे सासरे आले. गावात त्यांचा शब्द चालतो.
"गावानं ठरवलं, साहेब. सून त्या दिशी हिंगणघाटच्या बाजाराले गेलती. मारुतीच्या पारावर साऱ्यायनं नारळावर हात ठेवून शपथ घेतली."
जी तिथे नव्हतीच, तिने स्वतःचा बचाव केला कसा? हे मी दोनदा विचारले.
"थे तुमी पाहा. सुनेनं भरल्या कोर्टात सांगाचं काय, त्यानं कुठी हात घातला थे?"
ही माणसे तिला वाचवीत आहेत, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. अशा प्रामाणिकपणाचा मला कंटाळा आला आहे.

२ फेब्रु.
जेलमध्ये भेट. शेवंता सरळ म्हणाली, "इळा मायाच व्हता, वकीलसाहेब. म्याच मारलं."
मग गाव?
"गावाले मायी लाज वाटते." जरा हसली. "बाजारात म्या कांदे घेतले का बांगड्या, थेही ठरवलं असन. इचारून ठेवजा."

११ सप्टें.
सरकारतर्फे गावकऱ्यांच्या साक्षी. तिची किंकाळी ऐकून धावलेली हीच माणसे. बचावाचा दुसरा पुरावा नाही. एकामागून एक तेच: शेवंता बाजारात होती. एकीने तिला कांदे घेताना पाहिले. आरोपीच्या पिंजऱ्यात शेवंता पदराआड हसली असावी. तिचा विळा आणि तिचे रक्ताळलेले लुगडे टेबलावर. सरकारी वकील माझ्या कानाशी: "तुमचे गाव माझे काम करते आहे." बरोबर आहे. बाजार खोटा ठरणार, किंकाळी कुणी ऐकलीच नाही, उरतो फक्त खून.
थकलो.

१३ सप्टें.
उद्या न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतील. जेलमध्ये तिला नीट समजावले: खरे सांगितले, तर सुटण्याची आशा आहे.
"मामाजी काल येऊन गेले," ती सासऱ्यांविषयी म्हणाली. "म्हंते, बोललीस त उंबरठा इसरजो." मग, "सुटल्यावर मी जाऊ कुठी?"
मी पुन्हा कलम समजावू लागलो. तिने ते विचारले नव्हते.

१४ सप्टें.
"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"
शेवंताने मागच्या बाकावरच्या सासऱ्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. वकिलाने खूण करणे नियमाबाहेरचे. केली नाही.
"बसून सांगू का, साहेब? येळ लागन."
न्यायाधीशांनी मान डोलावली. शिपाई स्टूल शोधायला गेला. सासरे उठले, दारापर्यंत गेले, आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.