उत्तरदाता क्रमांक नऊ

३ जून, सकाळी ६.३०
संशोधनाला सुरुवात. विषय: 'आधुनिक इमारतीतील शेजाऱ्यांचा परस्परविश्वास'. एकवीस वर्षं समाजशास्त्र शिकवतोय, पण डॉक्टरेट नाही म्हणून विभागप्रमुखाची खुर्ची दोनदा हुकली. आता नाही. गृहीतक: विश्वास पार आटला आहे. निष्कर्षाचा शेवटचा परिच्छेद कालच लिहून ठेवला. फार जोरदार झालाय. आता फक्त माहिती गोळा करायची राहिली.
मार्गदर्शक बाई माझीच जुनी विद्यार्थिनी. तेव्हा ती माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, आता मी तिच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसतो. अजून 'सर' म्हणते. बहुतेक वेळा कागद परत करताना.

५ जून
बाईंचा हुकूम: इमारतीतल्या चाळीस घरांच्या चिठ्ठ्या टाका, डोळे मिटून पंधरा उचला. जे घर निघेल ते निघेल.
साखरेच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच निघाली पाचव्या मजल्यावरच्या कुत्रेवाल्याची. परत टाकली. पुन्हा तीच. हा विज्ञानाचा नव्हे, नशिबाचा भाग. चिठ्ठीच काढून टाकली.
बायको इस्पितळात रक्त काढते. तिने विचारलं, हवं ते निघेपर्यंत काढायचं असेल तर डोळे कशाला मिटता? पेशंटची शीर सापडली नाही म्हणून आम्ही शेजारच्या खाटेवरच्याचं रक्त काढत नाही म्हणे. तिला समाजशास्त्राची पार्श्वभूमी नाही.

९ जून, संध्याकाळी
संमतीपत्र तयार. आठ कलमं. कलम चार: उत्तरदात्याचं नाव कुठेही उघड होणार नाही. कलम सहा: उत्तरदाता कारण न देता केव्हाही संमती मागे घेऊ शकतो. सहावं बाईंच्या हट्टापायी घातलं. कोण मागे घेणार आहे?
चाळीस मिनिटांत पंधरा सह्या. लोकांची ज्ञानावरची ही श्रद्धा पाहून भरून आलं.
नंतर बायको जिन्यावरून ऐकून आली की सगळे विचारतायत, सह्या झाल्या, आता लिफ्ट कधी चालू? मी इमारतीचा सेक्रेटरी. लिफ्ट सहा आठवडे बंद आहे. लोकांना वाटलं, कागद लिफ्टचा.
खुलासा करायचा नाही असं ठरवलं. सही स्वेच्छेने केली आहे. का केली, हा वेगळ्या संशोधनाचा विषय.

१० जून
प्रश्न पक्के केले. प्रश्न पहिला: 'शेजाऱ्यावर विश्वास टाकण्याचे दिवस आता राहिले नाहीत, हे तुम्हालाही मान्य असेलच ना?' बाईंनी त्यावर लाल रेघ मारली. मी तो तोंडी विचारायचं ठरवलं.

१३ जून, दुपारी
आज तळमजल्यावरच्या शिवणताईंची मुलाखत. उत्तरदाता क्रमांक नऊ. प्रश्न सतरावर, म्हणजे 'शेजाऱ्यांपासून लपवलेली एखादी गोष्ट?' यावर त्यांनी मशीन थांबवलं. बाहेर नाही ना जाणार, असं दोनदा विचारलं. मी छातीवर हात ठेवून कलम चार वाचून दाखवलं आणि गोपनीयतेच्या महत्त्वावर वीस मिनिटं बोललो.
मग ताई बोलल्या. एकोणीस वर्षं भावाच्या पुढच्या खोलीत शिवतायत. भावजय जेवणाचं ताट आपटून ठेवते. पुलापलीकडे त्यांनी एक खोली घेतलीय, एक तारखेला जाणार. भावाला पत्ता नाही. मशीन भावाच्या नावावर आहे. त्याला आधी कळलं तर तो मशीन हलवू देणार नाही, आणि मशीन नसेल तर नुसत्या भिंती घेऊन काय करू, म्हणाल्या.
डोळे पाणावले. अस्सल माहिती.

२० जून, रविवार
सोसायटीची सभा. लिफ्टवरून आरडाओरडा होणार हे ओळखून आधीच प्राथमिक निष्कर्ष मांडले. पन्नास मिनिटं बोललो. भिंतीवर तक्ता दाखवला. नाव एकाचंही नाही. ओळ नऊ: 'स्त्री, वय ४७, शिवणकाम, तळमजला, उजव्या पायाने अधू, महिनाअखेर भावाच्या घरातून गुपचूप बाहेर पडण्याच्या बेतात.'
या ओळीला सभेत चिडीचूप. एवढ्या वर्षांत माझं भाषण इतकं कुणी ऐकलं नव्हतं. शिवणताईंचा भाऊ मधेच उठून गेला. पाणी प्यायला गेला असावा.

२१ जून, सकाळी ७
बायकोने विचारलं, इमारतीत शिवणकाम करणाऱ्या किती? एक, म्हटलं. त्यात लंगडणाऱ्या किती? एक. ती माझा डबा न भरता कामावर गेली.
भावाने पुढची खोली बंद करून दोन कुलपं लावलीत. मशीन आत.
नाव मात्र मी घेतलेलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

२३ जून
शिवणताई आल्या. लिफ्ट बंद, तीन जिने चढून. बसल्या नाहीत. कलम सहा, म्हणाल्या. मी त्यांचा फॉर्म तत्काळ परत केला, तक्त्यातली ओळ त्यांच्यासमोर खोडली. यापेक्षा पारदर्शक काय असतं?
त्यांनी विचारलं, त्या दिवशी लोक ती ओळ डोक्यात घेऊन घरी गेले, तिथे कोण खोडणार? मी माहिती मागे घेणं आणि माहितीचा प्रसार यांतला फरक उलगडून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दादाही असंच छान समजावून सांगतो. आणि एकेक पायरी उतरत गेल्या.

२४ जून
मार्गदर्शक बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सर, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला, म्हणाल्या. गावात डॉक्टर एकच असेल, तर 'गावातला डॉक्टर' हे नावच झालं, असं. ते व्याख्यान मला आठवतं. फार गाजलं होतं.
आता काम बंद. नैतिकता समितीला मी स्वतः लिहून कळवायचं. आणि त्याआधी जे मोडलंय ते दुरुस्त करून यायचं.
निश्चय: उद्या भावाशी बोलणार.

२५ जून
गुडघा दुखतोय.

२६ जून
भावासाठी अकरा पानी निवेदन लिहिलं. बायकोने विचारलं, 'चूक माझी, मशीन सोडा' एवढ्यात भागणार नाही का? भागलं असतं, पण त्यात स्त्रीच्या श्रमाचा इतिहास येत नाही.

२७ जून, संध्याकाळी
गेलो. भावाने दुसऱ्या पानापर्यंत ऐकलं. मग लिफ्टचं विचारलं आणि दार लावून घेतलं.

२९ जून
एक गोष्ट नोंदवण्यासारखी. मी जिन्यात आलो की लोक गप्प होतात. कुत्रेवाला आणि माझी बायको कुजबुजत होते, मला पाहून हवापाण्यावर बोलायला लागले. चाळीस घरं, पण कुणी कुणाशी मोकळं बोलत नाही. गृहीतक डोळ्यांदेखत सिद्ध होतंय. शेवटच्या परिच्छेदाला हात लावायची गरज नाही.

१ जुलै, दुपारी २
कॉलेजातून आलो तर तळमजल्यावरची पुढची खोली उघडी. रिकामी. भाऊ पायरीवर बसलेला. मी काही विचारायच्या आधीच आत गेला.
इमारतीतल्या निवृत्त पोस्टमननी सांगितलं. सकाळी नऊ वाजता अख्खी इमारत भावाच्या दारात उभी. शिवायला टाकलेली सगळ्यांची कापडं त्या कुलपांआड अडकलेली. प्रत्येकाच्या हातात ताईंची पावती. आमचं कापड द्या, एवढंच म्हणायचं, आवाज चढवायचा नाही. एकट्या बहिणीवर ओरडता येतं, पण जिनाभर माणसांवर ओरडणार कसा? कुलपं निघाली. एकेकजण आपापलं कापड घेऊन बाहेर पडला आणि शेवटच्या चौघांनी मशीन उचललं. कुत्रेवाल्याच्या टेम्पोतून गेलं. कुत्रा मशीनला टेकून बसला होता म्हणे. ताई पुढच्या सीटवर.
माझ्या बायकोचंही कापड होतं. तिने अर्धी रजा टाकली होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
बायकोला विचारलं, कधीपासून शिजत होतं? मागच्या मंगळवारपासून, म्हणाली. म्हणजे नऊ दिवस. इमारतभर माहीत होतं आणि भावाच्या कानावर अक्षर गेलं नाही. मला का नाही सांगितलंस?
ती घड्या घालत होती. म्हणाली, पहिल्या बैठकीत कुत्रेवाल्याने एकच प्रश्न टाकला: कुणाला सांगायचं नाही? सगळ्यांनी दोन नावं घेतली. भावाचं दुसरं होतं.

२ जुलै, सकाळी ७
दाराशी चौदा चिठ्ठ्या, संमती मागे घेतल्याच्या. कलम सहा. कारण कुणीच दिलेलं नाही. देण्याची अट नाही, मीच लिहिलंय तसं.
नैतिकता समितीला पत्र लिहिलं. पहिला मसुदा नऊ पानांचा. पाठवलं ते दोन ओळींचं. निष्कर्षाचा परिच्छेद खोडला. वाईट वाटलं, भाषा चांगली होती.
प्रश्नांचा एक कोरा फॉर्म उरला होता, तो स्वतःच भरायला घेतला. प्रश्न सतरा, शेजाऱ्यांपासून लपवलेली गोष्ट: काही नाही, त्यांना सगळं माहीत आहे. प्रश्न अठरा, तुम्हाला गुपित सांगतील असे शेजारी किती? तो रकाना रिकामा ठेवला.
बायको डबा भरता भरता डोकावली. आमच्याकडे रिपोर्टवर रकाना कोरा सोडत नाहीत, म्हणाली. कोरा सोडणं म्हणजे लपवणं. काही निघालं नाही तर शून्य लिहितात.
शून्य लिहिलं.