तीन नंबर शेडचा शेरा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

पोचले एकदाची! कराडहून निघताना आईने दहा दिवस पुरेल इतकं खायला बांधून दिलंय, जणू बोईसरला काही मिळतच नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि पाणी सकाळी सात ते आठ. वारा फिरला की एमआयडीसीचा वास येतो, तेव्हा कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, असं घरमालकीण वत्सलाकाकूंनी आल्या आल्या बजावलं. मी मान डोलावली आणि टॉवेल बाहेरच टाकला.

कारखाना औषधांना लागणारी रसायनं बनवतो. इथे पाच सॉफ्टवेअर्स आहेत: शेडमधलं, लॅबचं, गोदामाचं, वजनकाट्याचं आणि मुंबईच्या हेड ऑफिसचं. पाचही दिवसभर एकमेकांना निरोप पाठवतात. निरोप वाटेत अडकला तर कुणाला पत्ता लागत नाही, मग सगळे एकमेकांवर खेकसतात. मी प्रत्येक वाटेवर पहारा देणारा एक प्रोग्रॅम बसवणार आणि सगळी खबर क्लाऊडवर एकाच स्क्रीनवर आणणार. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धावा. माझे साहेब मेहुल सर म्हणाले की हे जमलं तर गुजरातच्या दोन्ही कारखान्यांचं कामही माझ्याकडेच येईल. आज मी भलतीच खुशीत आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज शेडमध्ये फिरले. हेल्मेट इतकं मोठं की सारखं नाकावर यायचं, आणि सगळे गालात हसत होते. हसा म्हटलं!

तीन नंबर शेडला रामूदादा मेहेर भेटले. सातपाटीचे, घरची बोट भाऊ चालवतो, हे बावीस वर्षं इथे ऑपरेटर. पहिली शिफ्ट त्यांनी मागून घेतली आहे, सात ते तीन. शिफ्ट संपताना ऑपरेटरने यंत्रांची हालहवाल शेऱ्यात लिहायची, अशी इथली जुनी रीत. पूर्वी त्यासाठी जाड रजिस्टर असायचं; गेल्या वर्षी ते बंद करून कॉम्प्युटर दिला. आता तोंडी तक्रार चालत नाही, सुपरवायझर ऐकूनच घेत नाही, शेरा लिहा म्हणतो. रामूदादा एका बोटाने मराठीत टाइप करतात, पण एक दिवस चुकवत नाहीत. त्यांनी मला विचारलं, आमी लिवतो ते कोन वाचतं का, का नुस्तं लिवायचं? मी छाती फुगवून सांगितलं की दादा, आता मी आले ना, तुमचा शब्दन्‌शब्द माझ्या स्क्रीनवर येईल. ते फार खूश झाले. जाताना म्हणाले, सुके बोंबील आणून देईन तुमाला, आमच्या जमनाच्या हातचे.

रविवार, ९ नोव्हेंबर

केळव्याला जाऊन आले. मुंबईची गर्दी होती, पण सुपारीच्या बागेत शिरलं की गार. स्क्रीन जवळजवळ तयार आहे. चार वाटा हिरव्यागार. फक्त तीन नंबर शेड रोज दुपारी दोन-पन्नासला लाल होते आणि माझ्यासकट सहा जणांचे फोन कोकलतात. का ते शोधायला हवं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सापडलं! रामूदादांचा शेरा. शेडमधलं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याला मराठी अक्षरं पचत नाहीत, आणि शेरा आला की अख्खा निरोप अडकतो. बाकीच्या शेडमधले ऑपरेटर इंग्रजीत ‘ओके’ लिहून मोकळे होतात. नीट दुरुस्तीला सॉफ्टवेअर कंपनीवाले दोन आठवडे मागतात आणि उद्या मुंबईचे साहेब स्क्रीन बघायला येतायत. मेहुल सर म्हणाले, काहीही कर पण उद्या हिरवं दिसू दे.

मी एका ओळीचा नियम लिहिला. शेरा इंग्रजी अक्षरांत नसेल तर तो काढून बाजूच्या फोल्डरमध्ये टाक, बाकीचा निरोप पुढे जाऊ दे, फोन वाजवू नकोस. दोन-पन्नासला सगळं हिरवं राहिलं. फोल्डरमध्ये काय पडलं ते बघितलं नाही, निवांत बघेन. आज जरा डोकं दुखतंय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

टाळ्या! खरंच टाळ्या वाजल्या. मुंबईच्या साहेबांनी स्क्रीनचा फोटो काढून घेतला. आईला फोन केला तर तिला काही कळलं नाही, पण ती रडली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सकाळी गेटवर रामूदादा भेटले, हातात बोंबलांची पिशवी. वाचता ना मॅडम, असं विचारलं. मी घाईत होते. हो हो, रोज वाचते, म्हटलं. पिशवी घेतली.

फोल्डर उघडायचा राहिलाच आहे. सोमवारी नक्की.

सोमवार, २४ नोव्हेंबर

रामूदादा गेले.

सकाळी साडेअकराला तीन नंबर शेडचा व्हॉल्व्ह फुटला आणि त्यांच्या तोंडावर वाफ आली. रुग्णालयात पोचेपर्यंत संपलं होतं. मी धावत गेले तेव्हा शेडबाहेर त्यांची एक चप्पल पडली होती. स्क्रीन हिरवी होती. मी ती तीनदा बघितली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

फोल्डर उघडला. नऊ शेरे.

पहिला तेरा तारखेचा: ‘वॉल गळतो हाय. वास येतो. बगून जा.’ व्हॉल्व्हला इथे सगळे वॉलच म्हणतात. चौदाचा: ‘वॉल गळतो. कोनी आला नाय.’ अठराचा: ‘बादली लावली हाय. भरते.’ विसाचा: ‘मॅडमला भेटलो. त्या वाचतात बोलल्या. आता येतील.’ शेवटचा शनिवारचा: ‘वाट बगतो.’

मराठीतच होतं. माझ्याच भाषेत. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. कपाळ माझं! मी या माणसाला मारलं. हे मी इथे लिहितेय, कारण दुसरीकडे कुठे लिहायची छाती नाही.

त्यांचं लॉगिन बंद करायचं कामही माझ्याकडेच आलं. केलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

मेहुल सरांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. शुक्रवारी सरकारी चौकशी आहे. ते आवाज न चढवता म्हणाले की नियम तू लिहिलास, नाव तुझं आहे, फोल्डरची कुणाला खबर नाही. गेलेला माणूस परत येत नाही, तू सव्वीस वर्षांची आहेस. उद्यापर्यंत तो साफ कर.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

साफ केला. नऊच्या नऊ. कायमचे काढायचे का, असं कॉम्प्युटरने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चौकशीला आलेल्यांनी नोंदी मागितल्या. मी स्क्रीन दाखवली: हिरवी, शेरा नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं. ऑपरेटरने गळती कळवलीच नाही. हलगर्जीपणा.

रामूदादांची बायको जमनाताई गेटवर होती. सुपरवायझरने तिला तसंच ऐकवलं. तिने फक्त एवढंच म्हटलं की ते तर रोज घरी सांगायचे, आमी लिवतो हाय आनि नवी मॅडम वाचते हाय. मी तिथून चार पावलांवर उभी होते. तिला मी कोण ते ठाऊक नाही. मी वळले आणि जिना चढून वर आले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

दोन-पन्नासला फोल्डरमध्ये एक शेरा आला.

‘वॉल गळतो हाय.’ रामूदादांच्या लॉगिनवरून.

अडकलेला निरोप उशिरा सुटला असेल. असं होतं कधीकधी. मी असे पन्नास बघितलेत. काढून टाकला.

सोमवार, १ डिसेंबर

आज पुन्हा, दोन-पन्नासलाच. ‘जमना गेटवर हाय. उन्हात उबी हाय. तिला पानी द्या.’

शेडचं कुलूप, कॉम्प्युटरवर चौकशीचं सील, लॉगिन मीच बंद केलेलं. तरी खाली धावले. जमनाताई गेटच्या भिंतीला टेकून उभी होती, पदर डोक्यावर. आपल्या माणसाच्या नावाला कागदावर बट्टा लागलाय, तो पुसा, एवढंच तिचं मागणं. मी तिला पाण्याची बाटली दिली. बाटली घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला आणि तिने विचारलं, तुला ताप हाय का गं पोरी?

हा निरोप जुना नव्हता. जुना असूच शकत नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

सील निघालं. शेड सुरू. नवा ऑपरेटर कुंदन, सफाळ्याचा, आधी रामूदादांच्या हाताखाली मदतनीस होता, लग्न होऊन चार महिने झालेत. नवा व्हॉल्व्ह बसवलाय असं मेहुल सर सगळ्यांना सांगत होते.

दोन-पन्नास: ‘वॉल नवा नाय. जुनाच रंगवून लावला.’

जेवण गेलं नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

‘कुंदनला सांगा.’

मेहुल सरांच्या केबिनपर्यंत गेले. कशावरून म्हणतेस, असं विचारलं तर काय सांगू? मेलेल्या माणसाच्या शेऱ्यावरून? आणि मग फोल्डर कुठला, आधीचे शेरे कुठे गेले — दारातून परत आले. भित्री. दुसरा शब्द नाही मला.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज शेरा आला नाही. दोन-पन्नास, दोन-पंचावन्न. सुटले म्हणून मी रडले, खरंच. तीनला आला.

‘वाचता ना मॅडम?’

कुंदनला गाठलं. विचारलं, काही बिघडलं तर शेड सोडून बाहेर येतोस ना? तो हसला. चार्ज घ्यायला दुसरा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा इथला पहिला धडा. रामूदादानेच शिकवला त्याला. दादाचा चार्ज तर कुणी घेतलाच नाही, असंही तो म्हणाला. सहज म्हणाला.

झोप नाही. डोळे मिटले की बादली भरताना ऐकू येते.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सकाळी तो नियम काढून टाकला. माझ्या नावाने, तारीख-वेळ सगळं नोंदीत राहील. आता मराठी शेरा आला की लाल होईल आणि सगळ्यांचे फोन वाजतील. वाजू देत.

दुपारी अडीच. तीन नंबर शेडच्या केबिनमध्ये बसून लिहितेय. व्हॉल्व्ह बघितला, नखाने खरवडला. हिरव्या रंगाखाली गंज आहे. खाली ओल. वास येतोय.

कुंदनला बाहेर काढलं. जाईना. शेवटी त्याच्या हातातली यंत्राची चावी घेतली आणि म्हटलं, चार्ज मी घेते, जा. गेला. सेफ्टीवाल्यांना फोन केलाय, निघालोय म्हणाले. ते येईपर्यंत मला हलता येत नाही. मी बाहेर पडले तर कुंदन परत आत येईल.

शेरा लिहिला. मराठीत. व्हॉल्व्ह गळतोय. रामूदादांनी नऊ वेळा कळवलं होतं, मी वाचलं नाही, मग मी ते काढून टाकलं. खाली नाव, स्नेहल. पाठवला.

लाल. सगळं लाल. माझा फोन वाजतोय, मेहुल सर. उचलला. काय झालं ते विचारलं नाही, म्हणाले आधी ते हिरवं कर, मुंबईचे लोक बघतायत. ठेवून दिला.

दोन-पन्नास. माझ्या शेऱ्याखाली दुसरा आला. कॉम्प्युटरला मी हात लावलेला नाही, हात वहीवर आहे —

‘चार्ज मॅडमना दिला. आमी निगालो.’

खुर्चीमागून कुणीतरी उठल्यासारखं — दार उघडलं नाही — पण गेलं —

वास वाढलाय. डोळे झोंबतायत. सेफ्टीवाले अजून नाहीत. काचेपलीकडे कुंदन उभा आहे, हात हलवतोय. येऊ नकोस रे.

क्लाऊडवरचं पुसता येतं, मी पुसलंय. ही वही जमनाताईला द्या. नऊ शेरे मला पाठ आहेत, सगळे लिहिते, त्यांच्याच शब्दांत, म्हणजे कागदावर राहील की त्यांनी कळवलं होतं —

१३ तारीख. वॉल गळतो हाय. वास येतो. बगून जा.

१४ तारीख. वॉल गळतो. कोनी आला नाय.

१५ तारीख. वॉलचा नट घट केला. तरी गळ