मिठाचा बर्फ

२ मे
देगलूर. उदगीरहून यस्टी वेळेवर निघाली, खिडकी भेटली, भाकरी खाल्ली, काही कटकट न्हाई. सुभेदार सिद्रामप्पा स्वतः स्टँडवर घ्यायला आले. फौजेतून सुटल्यावर या माणसानं आपल्या जुन्या गोदामात ‘पहाडी जवान संग्रहालय’ काढलंय. देगलुरात उन्हानं माणूस भाजून निघतो अन् यांना बर्फातल्या जवानांचं कौतुक. मला झाडलोट, कुलूप-किल्ली अन् ही रोजनिशी. सातवीतून शाळा सुटलेल्या माणसाला रोजनिशी! फौजी लोकांला लिहिल्याबिगर अन्न पचत न्हाई. खोली मात्र ब्येस हाय. पंखा चालू हाय.

३ मे
सगळं फिरून बघितलं. फुगलेले बूट, काळे चष्मे, बर्फ फोडायच्या कुऱ्हाडी. मधोमध थर्माकोलचा पहाड, त्यावर भुसा भरलेले चार जवान, एकाच दोरीत, दावणीची बैलं जशी. बर्फ म्हणून जाडं मीठ वतलंय, पोत्याच्या पोत्यानं. तिकिटावर पंचशीला बसती. हुशार हाय, पर तोंड बंद न्हाई. ती म्हणली, शेवटचा जवान म्हणजी सुभेदारांचा सोमेश. पहाडावरून बर्फ कोसळला, त्यात गेला. मढं भेटलं न्हाई, म्हणून बापानं क्रियाकर्म केलंच न्हाई. रोज येऊन पुतळ्याची टोपी पुसतो, गळ्यात लिंग बी घातलंय. भुशाला लिंग! मी बी लिंगवंत हाय, पर असला तमाशा कधी केला न्हाई.

६ मे
सुभेदार नांदेडला दवाखान्यात. इकडं उमरीचं वऱ्हाड घुसलं, पंख्याची हवा खायला. फोटोसाठी एका पाव्हण्यानं सोमेशला कवळ घातली अन् त्याच्या पायातली सळई मोडली. पुतळा उभाच राहीना. पंचशीला रडकुंडीला आली. म्हणलं, गप. उभा राहत न्हाई तर बसवू. थर्माकोलात खड्डा केला, मांडी घालून बसवला, लिंग लोंबत व्हतं ते डाव्या तळहातावर ठिवलं. कलंडू नये म्हणून छातीपर्यंत मीठ दाबून भरलं. झालं काम. लोक उगं बोभाटा करतात.

८ मे
सुभेदार आले. बघितलं अन् खालीच बघत राहिले. मला वाटलं शिव्या देतील. हळू म्हणले, “मलप्पा, तुम्ही लिंगवंत ना? आपण मेल्यावर कसं बसवतात?”
मांडी घालून. तळहातावर लिंग. भवती मीठ अन् इभूत. माझ्या ध्यानातच आलं न्हाई.
म्हणले, पहाडात थकून जो बसतो तो उठत न्हाई, म्हणून पोराला उभा ठिवला व्हता. अन् दोरीत एक बसला की बाकीच्यांला खाली वढतो.
म्हातारा हळवा झालाय. म्हणलं, काढू वर, त्यात काय. दोघांनी दोरी धरून वढली. पुढं ते, मागं मी. मीठ दगडावानी झालंय. सोमेश हालला न्हाई. दोरी गार लागली.

९ मे
सकाळी कुलूप काढलं तर दोरीत सोमेशच्या पुढचा जवान बी बसलेला. मांडी घालून, मिठात. म्हणलं पंचशीलाची चेष्टा. ती म्हणली, “आप्पा, मला तुमच्यावानी रिकामी कामं न्हाईत.”

१० मे
बाकीचे दोघं बी. किल्ली माझ्याच कंबरेला व्हती. मिठाला हात लावला तर ते इरघळून वल्लं झालं. मीठ असं इरघळतं व्हय? म्हणायचं काय याला. भीती न्हाई. राग येऊन राहिला.

११ मे
सुभेदार गेले. दुपारी, पोराच्या शेजारी, मांडी घालून. डाक्टर म्हणला ऊन लागलं. हात लावून तर बघ म्हणावं, अंग बर्फावानी गार. पापण्या पांढऱ्या व्हत्या. लाकूड झालेलं मढं. समाधीला बसवायला पाय वाकवावे लागले न्हाईत.
त्यांच्या मागं दोरीला मीच व्हतो.

१२ मे
कंबर वढती. खालच्या अंगाला. दोरी न्हाई, काही न्हाई, पर वढती. बसलो की झोप येती, लई गोड, पाय गार पडत जातात. दोनदा पंचशीलानं हाका मारून उठवलं. तिला सगळं सांगितलं. म्हणली, वय झालं आप्पा, घरी जावा. रातभर उभा.

१३ मे
स्टँड. उदगीरची यस्टी अजून न्हाई. खांबाला टेकून लिहून राहिलो. गुडघे — न्हाई. बसायचं न्हाई.
माणसं लई चांगली इथली. जो तो सरकून जागा देतो. आजोबा, या इकडं. न्हाई म्हणलं की हसतात.
तोंडातून वाफ निघून राहिली. उन्हात.
पंचशीला आली, डबा घेऊन. माझे पांढरे पडलेले पाय बघून घाबरली. हाटेलातून खुर्ची आणली —
म्हणलं नको. ती म्हणती, “किती हट्ट करता आप्पा, बसा की जरा.” खांदे धरले — पोरीच्या हाताला जोर —
पंचशीला नको मला बसव