कामट्या सैल बांधाव्या

यवतमाळ, ता. १२ जानेवारी १९६१

ती. दादास कोकिळाचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड आज दुपारी मिळालं. बाबा कापसाच्या भरल्या गाडीवरून पडले आणि डाव्या पायाची नळी मोडली, हे वाचून लगेच लिहायला बसले. गंजीच्या माथ्यावर बसू नका म्हणून मी दर हंगामाला सांगते. पण ऐकतील ते आपले बाबा कसले!

आता हे नीट वाच आणि त्यांनाही वाचून दाखव. पाय ओढून सरळ करू नका, तेल चोळू नका. दोन्ही अंगांनी गुडघ्याच्या वरपासून टाचेखालपर्यंत पोचतील अशा बांबूच्या कामट्या लावा. आत घरचा कापूस भरपूर घाला. बांधायचं ते सैल, बोट आत जाईल इतकं, आणि मोडल्या जागी गाठ नको. पायाची बोटं उघडी ठेव, घडीघडी हात लावून पाहा. गार वा निळी पडली, मुंग्या आल्या, की लगेच सोड. मग बाजेवर निजवूनच इकडे घेऊन ये. मी नर्सिंग शिकते त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे.

विमलवहिनीचे वडील बापूजी हाडं बसवतात, हे मी विसरले नाही. त्यांचा अपमान करायचा नाही मला. पण हे काम त्यांचं नव्हे, दादा.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते. सगळा एकटाच खाऊ नकोस. धाकटीवर माया आहे तशीच असू दे.

तुझी कोकिळा

केळापूर, ता. १८ जानेवारी १९६१

चि. कोकिळास रामरावचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना सगळं वाचून दाखवलं. तू लिहिलंस तसंच केलं आहे, कापूससुद्धा घातला. बोटं कोमट आहेत. बाबा भाकर खातात आणि चहात साखर कमी पडली म्हणून विमलला दटावतात, म्हणजे बघ! तिकडे आणायची गरज दिसत नाही. तुझी परीक्षा तोंडावर आली आहे, उगीच धावत येऊ नकोस. तिळगूळ पोचला, अर्धा मीच खाल्ला.

मोठ्या भावाची आठवण असू दे.

रामराव

केळापूर, ता. २६ जानेवारी १९६१

चि. कोकिळाले तुह्या बाबाचा आशीर्वाद.

मी सांगून राह्यलो तसं शाळेतले सेवादास गुरुजी लिहून राह्यले. रामराव वावरात गेला हाये.

बाई, तुहं पत्र रामरावनं वाचून दाखवलं. दवाखान्यात आणू नका, इथं पाय कापतेत, बापूजी म्हनन तसं करा, अन् दुखलं तरी कामट्या सोडू नका, असं तू लिहिलं. तू शिकलेली. तुहा शब्द मी मोडला नाही. बापूजीनं लेप लावून करकचून बांधलं. चार दिवस लय ठनकलं, मी तोंडात दुपट्टा धरून पडून राह्यलो. आता ठनकत नाही, पन बोटं काळी पडली अन् वास येते. सोडू का नोको, एवढं कळव.

अन् तू एक डाव पाहाले काहून नाही आली? तुह्या शिक्षनासाठी मी साऱ्या गावाशी भांडलो.

नानाजी

ता. क. कोकिळाताई, हे मी सेवादास माझ्या मनानं लिहितो. उत्तराची वाट न पाहता उद्याच यांना बाजेवर घालून तिकडे आणतो.

केळापूर, ता. ८ फेब्रुवारी १९६१

चि. कोकिळास आशीर्वाद.

बाबांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, हे गुरुजींकडून कळलं. दवाखान्यात यायला मला तोंड नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा बापूजी लेप घोटून ओसरीवर येऊन बसले होते. सासऱ्याच्या तोंडावर, तुमचा हात नको, असं कसं वाचू? विमलला दिवस गेले आहेत, तिचं माहेर तुटलं असतं. बाबा तर दवाखान्यात जायचंच धरून बसले होते, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकेनात. म्हणून तुझं नाव घेऊन मी दुसरंच वाचलं. बोटं काळी पडली तेव्हाही बोलायची हिंमत झाली नाही.

आता एवढंच कर. खरं पत्र उशिरा पोचलं, चूक पोस्टाची, असं बाबांना सांग. या एका वेळी भावाला पाठीशी घाल.

रामराव

यवतमाळ, ता. १३ फेब्रुवारी १९६१

रामराव यांस,

नमस्कार लिहायला हात धजत नाही.

बाबांना इथं आणलं त्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, की असं काही मी लिहिलंच नव्हतं. त्यावर त्यांनी विचारलं, मग माझा लेक खोटा बोलला का? आणि तोंड भिंतीकडे केलं. पाय कापला त्या दिवशीही माझ्या हातून पाणी घेतलं नाही. मी पट्टी बदलायला गेले की दुसऱ्या नर्सला बोलवायला सांगायचे. वॉर्डात सगळ्यांसमोर.

तुझं पत्र परवा आलं. ते मी बाबांना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, पोस्टाच्या चुकीसकट. त्यांनी कागद माझ्या हातून काढून घेतला आणि शेजारच्या खाटेवरच्या पटवाऱ्याकडून पुन्हा वाचून घेतला. तेच शब्द निघाले, तेव्हा माझा हात धरून रडायला लागले.

कामट्या तुझ्या सासऱ्यानं आवळल्या. पण माझ्या बापाला माझं वाचणं परक्याकडून ताडून घ्यावं लागलं, हे तू केलंस. लोभ असावा, हे या वेळी लिहीत नाही.

कोकिळा