कॉपरची बेरीज

५ जाने. ९८, सोम.
पुन्हा निगेटिव्ह. द्रावणात कशालाही न बांधलेलं, मोकळं कॉपर शून्याहून कमी! बीकरमध्ये वजा कॉपर असतं का कुठे, एवढं तरी कॉलेजच्या कॉम्प्युटरला, ह्या मशीनला, कळावं. आपण अंदाजे आकडा द्यायचा, मशीन चूक मोजून पुढचा सुचवतं, आणि तो थेट शून्याखाली उडी मारतो. सात वर्षं ह्यातच. पीएचडीच्या गाइड सरांनी मिळवून दिलेली शेवटची मुदत ३१ मार्च. थिसिस गेला नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. कॉलेजात कायम होणं मग विसरायचं.

९ जाने.
युक्ती केली. मशीन सुचवेल त्या उडीचा शंभरावा हिस्साच घ्यायचा. दोन फेऱ्यांत फरक नगण्य झाला की थांबायचं. थांबलं!! एकही निगेटिव्ह नाही. हिंगणघाटच्या कॉलेजातून घरी गाडीत उभ्याने आले, तरी हसू येत होतं. स्टाफला पेढे.

२ फेब्रु.
चाळीस मिश्रणं, आकड्यांची चाळीस टेबलं. सिंदी मेघेच्या टायपिंगवाल्याकडे दिली. सर फोनवर म्हणाले, "शाब्बास." सात वर्षांत पहिल्यांदा.

१७ फेब्रु.
सरांचं म्हणणं, चार मिश्रणं प्रत्यक्ष करून पीएच जोडा, शोभा येते. मीटर ४.६, मशीन ५.३. चारही तशीच. मीटर बिघडलं म्हणून शामरावभाऊंवर डाफरले. वीस वर्षं लॅब सांभाळतायत ते.
"मॅडम, मीटर ठरल्या पीएचच्या बफरमंदी बराबर दावून राह्यलं. मी दोनदा पाह्यलं."
तिसऱ्यांदा द्रावण केलं त्यांनी. तेच आकडे.

१८ फेब्रु.
पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते आज केलं. मशीनने दिलेलं मोकळं कॉपर अधिक बांधलेलं कॉपर. बेरीज आपण टाकलं त्याच्या दीडपट. कुठून आलं हे जास्तीचं?
घरी येईपर्यंत कळलं. पाऊलच मी इतकं बारीक केलं की दोन फेऱ्यांत फरक पडणार तरी कसा. मशीन उत्तरापर्यंत गेलंच नव्हतं. मधेच थांबलं, आणि मी पेढे वाटले. बारावीच्या पोरांनी ताळा केला नाही की मी मार्क कापते.

४ मार्च
अट बदलली: बेरीज जुळेपर्यंत थांबायचं नाही. चाळीसपैकी तीन जुळली. बाकीची हजार हजार फेऱ्या नुसती डुलतात, नाहीतर वीज जाते. त्यात प्राचार्यांना मशीन परीक्षेच्या याद्यांसाठी हवं. माझ्याकडून हे होणार नाही. आज पहिल्यांदा स्पष्ट लिहिते आहे.

१२ मार्च
नागपूर. सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला.
"अहो मॅडम, इतना कौन देखता है? परीक्षक टेबलं मोजतात, करून नाही पाहत. ते पीएचचं पान काढून टाका."
संताप आला. ऐकून बरंही वाटलं होतं, त्याची लाज जास्त.

२० मार्च
जेवताना ह्यांना सांगितलं.
"सोडून दे नं मंग. काऊन जीव जाळून राह्यली?"
"सोडते."
"अन् सात वर्षं काय केलं म्हनतीन लोक?" आणि ह्यांनी भाजी वाढून घेतली.

३० मार्च
पाच प्रती बाइंडिंग होऊन आल्या, जुन्याच चाळीस टेबलांसकट. सरांची सही झालेली. माझ्या सहीच्या जागेवर छापलंय की सर्व निष्कर्ष मी स्वतः पडताळले आहेत.
लॅबमध्ये शामरावभाऊ.
"जमलं नं मॅडम?"
"जमलं."
आभाराचं पान उघडून दाखवलं. आपलं नाव बोट फिरवत वाचलं त्यांनी, हळूहळू. डोळे भरले.
"माह्यं नाव छापलं? घरी दाखवाले एक पान द्याल काय?"
हो म्हटलं. त्यांनी तीनदा मोजलेले आकडे ह्यात कुठेच नाहीत, हे सांगता आलं नाही. अख्ख्या थिसिसात खरे म्हणावेत असे तेवढेच होते, आणि तेच मी काढले.
उद्या पाचला विद्यापीठाची खिडकी बंद. सकाळची गाडी धरावी लागेल. पाचही प्रती पिशवीत भरल्या आहेत. माझी सही अजून एकीवरही नाही.