न वाजवलेला ठेका

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. खोली बदललीय. खालच्या मजल्यावर लाँड्री आहे, त्यामुळे इथली फरशी कायम उबदार असते. दुखरी दाढ काढून टाकली. जेवण वेळेवर चालू आहे, हे तू विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

तू विचारलंयस की पेपरातल्या आमच्या बँडच्या फोटोत ड्रमवर बसलेली ती बारीक केसांची मुलगी कोण, आणि मी कुठे आहे. सांगतो. पण आधी अल्बमबद्दल सांगू दे, त्याशिवाय तुला काही कळणार नाही. त्यानंतरही कळेलच असं नाही. मला तरी कुठे कळलंय.

पूर्वी आम्ही सकाळी स्टुडिओत जायचो आणि संध्याकाळपर्यंत गाणी रेकॉर्ड करून घरी यायचो. या खेपेला मास्तरच्या डोक्यात वेगळंच शिरलं. मास्तर म्हणजे आमचा गिटारवाला, साधी वेळ विचारली तरी तासभर समजावत बसतो म्हणून हे नाव. त्याने सगळे कार्यक्रम रद्द केले आणि आम्हाला स्टुडिओत कोंडलं. म्हणाला, स्टेजवर वाजवताच येणार नाही असं काहीतरी करू. गायिकेला जिन्यात उभं करून गायला लावलं. पियानोच्या तारांवर चमचे ठेवले. टेप उलटी फिरवली, ब्लेडने कापली, पुन्हा चिकटवली. मी आपला सांगेल तिथे ड्रम हलवत होतो.

एकदा मी नुसतं तपासत होतो, ड्रमचा पडदा कुठे सैल तर नाही ना. तेवढ्यात स्टूल सरकलं, पाय पेडलवरून निसटला, एक ठोका उशिरा पडला आणि तोल सावरताना काठी झांजेला लागली. रेकॉर्डिंग चालूच होतं. मास्तरने टेपचा नेमका तेवढा तुकडा कापला, त्याची दोन टोकं जोडली आणि तो गोल फिरवत ठेवला. ठेका चालतो, अडखळतो, सावरतो, पुन्हा चालतो. त्यावर त्याने अख्खं गाणं उभं केलं.

"थांब, मी नीट वाजवून देतो की," मी म्हटलं.

"नीट नकोय," तो म्हणाला. "तुझं काम झालं. जा तू घरी."

मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी परत आलो आणि व्हरांड्यात चहा पीत बसलो. पुढे रोजच तसा बसत होतो.

अल्बम ऐकून रेकॉर्ड कंपनीने कपाळाला हात लावला. यावर नाचणार कोण, म्हणाले. झालं भलतंच. लोक नाचायचं सोडून खाली बसले आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकू लागले, एखादी गोष्ट ऐकावी तसे. मग बाकीचे बँडही स्टुडिओत घुसून टेपा कापायला लागले. आता साबणाच्या जाहिरातीतला ठेकासुद्धा अडखळतो. नाचणाऱ्यांनी त्या जागेसाठी वेगळं पाऊल शोधून काढलंय. रस्त्यात लोक मला थांबवतात, "तो ठेका तुमचाच ना?" मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार?

भाऊजींना म्हणावं, गुडघ्याला शेक देत राहा.

बरं, फोटो. लोकांनी फारच आग्रह धरला म्हणून आम्ही पुन्हा कार्यक्रम करायचं ठरवलं. ठेका टेपवरून वाजणार आणि मी त्याच्यासोबत वाजवायचं. ताई, मला माझ्याच मागे जाता येईना. तो अडखळला की मी सरळ, मी मुद्दाम अडखळलो की तो केव्हाच पुढे. शेवटी मी हात थांबवले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. गायिकेच्याही नाही. मी काठ्या खाली ठेवल्या, स्टेजच्या मागून उतरलो आणि सभागृहात मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. लोक डोळे मिटून ऐकत होते. मीही ऐकलं. मनात आलं, कोण वाजवतोय हा, छान वाजवतोय. मग माझंच मला कसंतरी झालं आणि मी निघून आलो.

तेव्हापासून मी बँडमध्ये नाही. तुला कळवायचं राहिलं असं म्हणणार होतो, पण राहिलं नव्हतं. काय कळवू ते सुचत नव्हतं.

मागच्या महिन्यात माझे ड्रम आणायला तालमीच्या खोलीवर गेलो. आतून तोच ठेका ऐकू येत होता. दार ढकललं, तर फोटोतली ती मुलगी, माझ्या जागी घेतलेली, वाजवत होती.

"जरा टेप बंद कर," मी म्हटलं.

"कुठली टेप?" ती म्हणाली आणि तिने हात थांबवले. खोलीत एकदम शांत झालं.

ही आधी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"तुम्हीच. टेप कापलीय हे आम्हाला कुठे माहीत होतं? वाटलं, माणूस वाजवतोय म्हणजे वाजवता येत असणार. मग बसले रेकॉर्ड लावून."

"अगं, मी हे कधी वाजवलंच नाही. पडता पडता वाचलो, एवढंच."

ती स्टुलावरून उठली. "बसा. दाखवते."

मला राग यायला हवा होता. आलाही असेल, पण कुणाचा ते सापडेना, म्हणून मी बसलो. माझे ड्रम, माझं स्टूल, आणि ही मागे उभी राहून सांगतेय, "तुम्ही मुद्दाम अडखळताय. तसं नाही. अंग पुढे जाऊ द्या, पाय आपोआप मागे राहील." आता मी रोज दुपारी जातो. कधी जमतं, बहुतेक वेळा नाही. जमतं तेव्हा मी माझी नक्कल करतोय की तिची, हे मला सांगता येत नाही. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही फार विचार करता, म्हणूनच पाय चुकतो."

काल मास्तर आला होता. पुढच्या अल्बममध्ये तिने आणि मी मिळून वाजवायचं, असं म्हणाला. काय वाजवायचं, विचारलं, तर नेहमी तासभर बोलणारा माणूस म्हणाला, "मला नाही माहीत." मी हो म्हणून बसलोय. सोमवारपासून स्टुडिओत जायचं आहे.

बाबांना एवढंच सांग की मी कामावर आहे. काम कसलं, ते मला नीट कळलं की त्यांना मीच सांगेन.

तुझा, गोंधळलेला पण बरा असलेला,
धाकटा